डफर, डन्स आणि ब्लॉकहेड

ईशान, तू परवा फोनवर लिहून विचारलंस की डफर म्हणजे नक्की काय. तुझा बाबा चिडवताना तुला तसं म्हणतो, तुझ्या वर्गात हा शब्द कोणालाच माहीत नाही, आणि तुझ्या बहिणीच्या, मीराच्या, मते तो डमी किंवा डूफससारखाच एखादा लाडाचा शब्द असावा. खाली तू हसणारा चेहरा टाकला होतास. मी उत्तर दिलं नाही, कारण ते आजीच्या अंगठ्याने टाइप करण्यासारखं नव्हतं. या आठवणी लिहायला घेतल्यापासून हे एक प्रकरण मी मागे मागे ढकलत आले होते. आता लिहितेच. तुम्ही दोघं हे आईकडून वाचून घ्या. बाबाकडून नको, तो मध्येच सारवासारव करील.

आधी शब्दाचं पाहू. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि शिकवण्याआधी कोश उघडण्याची सवय मला अजून आहे. कोशात अर्थ दिला आहे तो शिकायला मंद, कामात अडाणी माणूस असा. अर्थाच्या आधी बारीक अक्षरात छापलं आहे की हा शब्द अनौपचारिक आहे. म्हणजे अर्जात, भाषणात वापरायचा नाही, घरात आणि वर्गात चालतो. त्या बारीक अक्षराचा मला राग येतो. ज्या शब्दाला असं लेबल लागलं तो निरुपद्रवी आहे असं सगळे धरून चालतात, म्हणून त्याचा जाब कोणी विचारत नाही. आमच्या घरीही कोणी विचारला नाही.

आम्ही तेव्हा सौसरला राहत होतो, बाजारापासून थोडं आत गेलेल्या एका गल्लीत. घर माझ्या मोठेबाबांचं. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. ते हायस्कुलात इंग्रजी शिकवत, आणि सौसर, लोधीखेडा, रामाकोना या सगळ्या पट्ट्यात त्यांच्याइतकं इंग्रजी कोणाला येत नाही असा त्यांचा आणि लोकांचाही समज होता. माझे बाबा पांढुर्ण्याला सरकारी कचेरीत कारकून. ते तिकडे एका खोलीत राहत आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी येत. त्यामुळे आठवडाभर घरात मोठेबाबा, त्यांची बायको म्हणजे आमची मोठीआई, माझी आई, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठी बहीण विमल. मोठेबाबांना मूलबाळ नव्हतं. लोक म्हणत, भावाच्या मुलींवर त्यांचा किती जीव आहे पाहा. मी त्यांच्याबद्दल अजूनही अहो-जाहो करून लिहिते आहे, ती जिभेची सवय आहे. तिचा आदराशी काही संबंध नाही.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. पहाटे मोठीआईच्या बांगड्या आणि ताकाची रवी. मग छोट्या लाइनच्या इंजिनाची शिटी. नागपूरहून छिंदवाड्याला जाणारी ती खेळण्यासारखी गाडी सौसरला आली की गल्लीतली घड्याळं लावली जात. दहाच्या सुमाराला समोरच्या घरी कापूस पिंजणाऱ्याची धनुकली वाजू लागे. आणि या सगळ्यांवर मोठेबाबांचा घसा साफ करण्याचा आवाज. तो आला की आई आणि मोठीआई बोलणं अर्ध्यावर सोडत. विमल तर त्या खाकरण्यावरून सांगायची, आज शाळेत कोणाला मारलं आहे की नाही. तिचा कान तसा होता. इंजिनाची शिटी ऐकून ती ड्रायव्हर कोण आहे तेही सांगे आणि ते खरं निघे.

जेवणं स्वयंपाकघरातच, पाटावर. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी घातलेलं वरण. कधी पाटवड्यांचा रस्सा, तो मोठीआईच्या हातचा इतका चांगला व्हायचा की तसा मला पुढे कधी जमला नाही. पण तो जिभेवर नीट लागायच्या आत परीक्षा सुरू व्हायची. मोठेबाबा घास घेता घेता एक मराठी वाक्य टाकत आणि त्याचं इंग्रजी करायला सांगत. आधी मला, मग विमलला. तोवर तुपाची वाटी त्यांच्या डाव्या गुडघ्यापाशी ठेवलेली असे. उत्तर आलं की ते स्वतःच्या हाताने भाकरीवर तूप सोडत. विमलची भाकर बहुतेक रात्री कोरडीच राही. तिला वाक्य कळत नसे असं नाही. ते तिच्याकडे पाहू लागले की तिच्या तोंडातून शब्द येत नसत, आणि ते तिच्याकडे फार वेळ पाहत.

मोठेबाबांकडे बावळट माणसासाठी इंग्रजी शब्दांचा एक संचच होता आणि ते तो मोठ्या काटेकोरपणे वापरत. मला तो पाठ झाला होता. चूक झाली की स्टुपिड. ते कृतीसाठी होतं. मोठीआईच्या हातून भांडं पडलं तरी स्टुपिड. शाळेच्या शिपायासाठी फूल. खूप राग आला की ईडियट, पण तो शब्द त्यांना मनापासून आवडत नसे, कारण तो बाजारातल्या लोकांनाही येऊ लागला होता. वर्गात मागे उभं केलेल्या मुलाला डन्स. गणितात अडलेल्याला ब्लॉकहेड. आणि डफर. तो शब्द ते कोणावरही ओरडून म्हणत नसत. तो हळू आवाजात, जवळजवळ हसत म्हटला जाई, आणि एकदा तो एखाद्याला लागला की उतरत नसे. स्टुपिड सकाळी म्हटलं तर संध्याकाळपर्यंत विसरलं जायचं. डफर म्हणजे माणसाचा कायमचा पत्ता. आमच्या घरात तो विमलचा होता. विमल कुठे आहे असं ते विचारत नसत, डफर कुठे आहे असं विचारत. पाहुण्यांसमोरसुद्धा. एकदा नागपूरहून आलेल्या आईच्या चुलत भावाने जरा चमकून पाहिलं तर मोठेबाबा त्याला समजावून म्हणाले की हा शब्द तसा घरगुती आहे, इंग्रज लोक आपल्या मुलांना प्रेमाने म्हणतात. ईशान, तुझ्या बाबाने तुला परवा हेच सांगितलं ना?

विमल नववीत इंग्रजीत नापास झाली आणि पुन्हा नववीतच बसली. तिला मॅट्रिक व्हायचं होतं. का, ते तिने कधी मोठे शब्द वापरून सांगितलं नाही. एवढंच म्हणे की गल्लीतल्या सगळ्या पोरी नववीपर्यंत जातात आणि मग खिडकीत दिसतात, मले खिडकीत नाही बसाचं. श्रावण संपत आला तसं मोठेबाबांनी एका जेवणाच्या वेळी जाहीर केलं की पोळा झाला की विमलचं शाळेतून नाव काढायचं. लोधीखेड्याच्या एका घरचे लोक तिला पाहायला येणार होते. मुलगा चांगला तिशीचा, किराण्याचं दुकान. माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर तोंड उघडलं. डोक्यावरचा पदर दातांत धरून ती म्हणाली, "एक साल राहू द्या ना भाऊजी. पोरीची लय इच्छा आहे."

"डफरवर वर्ष घालवायचं नसतं," मोठेबाबा म्हणाले, आणि माझ्या भाकरीवर तूप सोडलं.

त्या शनिवारी आईने बाबांना सांगितलं. बाबा चांगले होते, हे मी आधीच लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही त्यांना वाईट समजणार नाही. पण थोरल्या भावाने त्यांना शिकवलं होतं, नोकरीला लावलं होतं, आणि त्याचं ओझं ते जन्मभर वाहत होते. ते म्हणाले, दादा असं म्हणून राहिले तर विचार करूनच म्हणून राहिले असतील. आईने त्यांना हेही सांगितलं की पोरीला दिवसरात्र डफर म्हणतात. बाबा म्हणाले, त्यात काय, मास्तर लोकांची ती बोलायची पद्धतच असते. विमल दाराआड उभी होती. तिने ते ऐकलं. ती रडली नाही. मला तेव्हा वाटलं की ती खरंच मठ्ठ आहे की काय, तिला यातलं काही कळत कसं नाही.

आता पोळ्याबद्दल तुम्हाला थोडं सांगायला हवं, कारण तुम्ही पाहिलेला नाही. पोळ्याला खरे बैल सजवून तोरणाखाली उभे करतात, आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. मुलं आपापले लाकडी बैल घेऊन येतात. लाकडी असला तरी त्याला कोणी खेळणं म्हणत नाही, नंदी म्हणतात. तान्हा पोळा फुटला, म्हणजे मेळा पांगला, की मुलं नंदी ओढत घरोघरी जातात. दारात नंदी आला की घरच्या माणसाने त्याच्या पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, ओवाळायचं आणि मुलांच्या हातावर काहीतरी ठेवायचं. त्याला बोजारा म्हणतात. नाणं असो, खारीक असो, मूठभर फुटाणे असोत, रिकाम्या हाताने नंदी परत जात नाही. आणि दारात मुलं झडती म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवलेली टोमणेबाजी. मालगुजार असो की सावकार, झडतीत त्याची खिल्ली उडवली तर त्याने हसून घ्यायचं. जो रागावला तो हरला. शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर करायचा.

आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांना झडत्या विमल करून देई. पोळ्याच्या आधी चार-सहा दिवस ओट्यावर पोरांची रांग लागायची. कोणाला मामावर हवी असायची, कोणाला चक्कीवाल्यावर. विमल ज्वारी निवडता निवडता तोंडातल्या तोंडात पुटपुटे आणि हातातलं सूप खाली ठेवायच्या आत झडती तयार असे. मोबदला म्हणून ती पेरूची फोड किंवा भाजलेल्या शेंगा घेत असे. मोठेबाबांनी हे पाहिलं होतं. त्यांच्या मते तो गावंढळपणा होता.

पोळ्याला बाबा कधीच घरी नसत. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते, नदीच्या अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव दिवसभर दगड मारतात, आणि सरकारी माणसांची तिथे ड्युटी लागते. त्या वर्षीही तसंच. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या, कढी-वडे झाले, आणि मोठेबाबांनी पानावरून उठताना सांगितलं की लोधीखेड्याचे लोक येत्या सोमवारी येतील. विमलने मान हलवली. तिची पोळी तशीच होती. ती तिने फडक्यात बांधली आणि नंतर गल्लीतल्या पोरांना वाटली. मी विचारलं तर म्हणाली, उद्या त्यांचा आवाज लागायला पायजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तान्हा पोळा फुटला आणि गल्लीत घुंगरांचा आणि लाकडी चाकांचा खडखडाट सुरू झाला. मी ओट्यावर बसले होते. घोळका आमच्या दाराकडे आला तो नेहमीपेक्षा मोठा होता, आणि पुढे विमल. पंधरा-सोळा वर्षांची पोरगी तान्ह्या पोळ्यात कधी जात नसे. तिच्या हातात तिचाच नंदी होता. रामाकोन्याच्या आमच्या मामांनी तिच्या बारशाला सुताराकडून सागाचा करून घेतला होता तो. तिने तीन नंदी उंबऱ्यासमोर ओळीने उभे केले, मधला तिचा. प्रत्येकाच्या कपाळावर पुठ्ठ्याची चकती बांधलेली. त्यांवर तिच्या गोल अक्षरात, इंग्रजीत, नावं लिहिली होती. मी ती वाचली आणि ओट्यावरून उठून उभी राहिले. गल्लीतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. मोठेबाबा धोतराचा सोगा सावरत बाहेर आले. शाळेतले गुरुजी म्हणून दर वर्षी सगळ्यात आधी त्यांच्याच दारी नंदी येत आणि ते त्यांना आवडे. मोठीआई त्यांच्या मागे ताट घेऊन उभी होती. विमलने त्यांच्याकडे पाहिलं. तिचं तोंड बंद पडलं नाही.

शिंग लाकडाचं, खूर लाकडाचं, नाव इंग्रजी भारी,
बारसं केलं गुरुजींनं, नंदी आले दारी.
पयला आमचा डन्स, त्याच्या पायात चाळ,
दुसरा आमचा डफर, त्याच्या गळ्यात माळ,
तिसरा आमचा ब्लॉकहेड, शिंगं त्याची लाल,
नाव दिलं तुमीच, मंग कवा ओवाळाल?

पोरांनी महादेवाचा गजर असा केला की समोरची धनुकली थांबली. मग गल्ली हसली. बायकांना त्या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता, पण प्रत्येक घरातल्या एखाद्या पोराने त्यातला एक तरी शब्द शाळेतून घरी आणलेला होता. कापूस पिंजणारा म्हणाला, "हे तर आमच्या बाल्याचं नाव आहे," आणि पुन्हा हशा झाला. त्या क्षणी मोठेबाबांना फार काही करायचं नव्हतं. हसायचं, डफरच्या कपाळाला कुंकू लावायचं, मूठभर फुटाणे द्यायचे. गल्लीने त्यांचं कौतुकच केलं असतं. पण त्यासाठी त्यांना डफरसमोर वाकावं लागलं असतं.

ते म्हणाले, "घेऊन जा ही लाकडं." आणि आत जाऊन दाराला कडी घातली.

पोरं तोंडं उघडी ठेवून उभी. पलीकडच्या म्हाताऱ्या बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "नंदी वापस केला बाप्पा." तेवढंच, पण ते वाक्य दारादारांतून पुढे सरकत बाजाराच्या तोंडापर्यंत गेल्याचं मला दिसलं. मग घराच्या बाजूच्या बोळातून बांगड्यांचा आवाज आला. मोठीआई मागच्या दाराने निघून, गोठ्याला वळसा घालून, पेटलेली निरांजनं पदराने झाकत पुढे येत होती. तिने तिन्ही नंदींच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. विमलच्या नंदीपाशी ती जरा जास्त वाकली. पोरांच्या हातांवर खारका ठेवल्या. मग ती आली तशी बोळातून परत गेली. त्यानंतर त्या बाईला घरात काय ऐकून घ्यावं लागलं ते मी इथे लिहीत नाही. त्यात इंग्रजी कमी होतं.

बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बसने आले. गोटमारीत जखमी झालेल्यांना उचलून नेण्यात त्यांचा आदला दिवस गेला होता, सदऱ्यावर वाळलेलं रक्त तसंच होतं. बसमध्येच त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी हातपाय धुतले नाहीत. बैठकीत जाऊन ते मोठेबाबांसमोर उभे राहिले. आम्ही आतल्या दारात.

"दादा, दारातला नंदी वापस केला तुमी?"

"लाकूड होतं ते," मोठेबाबा म्हणाले.

"लाकूडच होतं. मंग ओवाळाले काय झालं होतं?"

मोठेबाबांनी विमलने काय म्हटलं, कोणती नावं लिहिली, तिने त्यांची कशी शोभा केली ते सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले की झडती ती झडती, त्याचं काय एवढं. आपल्या बापाने दुष्काळात घरात दाणा नसताना नंदीपुढे मीठ ठेवलं पण नंदी वापस केला नाही. या उंबऱ्यावर आता माझ्या पोरी राहणार नाहीत. विमल माह्यासंग पांढुर्ण्याले येते, तिथंच शाळेत जाईल.

"कोण शिकवणार तिला तिथे? डफर आहे ती," मोठेबाबा म्हणाले.

यावर बाबा काय म्हणतात ते ऐकायला मी पुढे सरकले. बाबा आईकडे वळले आणि म्हणाले, "पाणी दे व." बस. पुढच्या रविवारी आम्ही सौसर सोडलं. सोमवारी लोधीखेड्याचे लोक आले असतील तर त्यांना दाराला कुलूप दिसलं नसेल, पण पोरगीही दिसली नसेल.

बसमध्ये आई, मी आणि विमल एका बाकावर, विमलच्या मांडीवर नंदी, त्याच्या कपाळाला अजून मोठीआईचं कुंकू. आई आनंदात होती. मी रागात होते. शेवटी मला राहवलं नाही. मी विमलच्या कानाशी म्हटलं की बाबांना तुझं काही वाटलंच नाही. तुला इतकी वर्षं डफर म्हटलेलं चाललं, आणि लाकडाचा बैल परत गेला तो चालला नाही. मला वाटलं, आता तरी ती रडेल. ती खिडकीतून संत्र्यांचे बगीचे पाहत होती.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "पोरीसाठी कोणी उठत नाही. म्हणून नंदी नेले. आन् तो दार लावणार हे बी मालूम होतं. त्याले वाकता येत नाही ना."

पांढुर्ण्याच्या एका खोलीत आम्ही चौघं राहू लागलो. मोठीआईचा रस्सा सुटला, तुपाची वाटीही सुटली. सगळ्यांच्या भाकरी सारख्याच कोरड्या झाल्या आणि त्या मला गोड लागल्या. विमल मॅट्रिक झाली. इंग्रजीत काठावर पास झाली. ही गोष्ट मी सांगितली की लोक लगेच विचारतात, मग पुढे ती कोण झाली? त्या प्रश्नाचाही मला राग येतो. जणू ती कलेक्टर झाली असती तरच तिला डफर म्हणणं चुकीचं ठरणार होतं. ती कोणी मोठी झाली नाही. रामाकोन्याच्या एका संत्रेवाल्याच्या घरी तिने सून म्हणून संसार केला, अजून करते आहे, गुडघे दुखतात म्हणून कुरकुर करते आणि गावातल्या पोट्ट्यांना झडत्या करून देते. नापास झाली असती तरी ती तीच राहिली असती.

मोठेबाबा पुढे बरीच वर्षं जगले. मधे त्यांच्या शाळेत त्यांची तसबीर लावली तेव्हा त्यांच्या घरची इंग्रजीची पदवीधर म्हणून मला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. मी गेले नाही. ते कडक होते पण मनाने चांगले होते, असं त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचं म्हणणं आहे. तसं म्हणणारे सगळे पास झालेले असतात. नापास झालेल्यांना तसबिरीच्या कार्यक्रमाला कोणी बोलावत नाही. मी कोणाला काही माफ केलेलं नाही, आणि या वयात माफ केलं पाहिजे असं जे मला सांगतात त्यांना मी चहा देऊन वाटेला लावते.

तुमच्या बाबाला हा शब्द माझ्याकडून मिळालेला नाही. तो त्याला नागपूरच्या शाळेत मिळाला, तिथे तो अजून खडूसारखा फुकट वाटतात. तो तुला प्रेमाने म्हणत असेल. मोठेबाबाही पाहुण्यांना तेच सांगत. ईशान, तुझ्या हातून काही चुकलं तर त्याने तुला खुशाल स्टुपिड म्हणावं, ते चुकीपुरतं राहतं. डफर म्हणायचं असेल तर आधी रामाकोन्याला यावं. त्याच्या विमलमावशीच्या देवघरात सागाचा नंदी आहे. एक शिंग तुटलं आहे, रंग उडाला आहे, पण कपाळावर पुठ्ठ्याची चकती ती दर पोळ्याला नवी करते. घरातली सगळी मुलंबाळं त्याला नावानेच हाक मारतात, त्याच्यासमोर वाकतात आणि मग फुटाणे खातात. बाबाला सांग, त्या नावाचा आपल्या घरात एकच आहे, आणि ते नाव घ्यायचं असेल तर आधी ओवाळावं लागतं.